पुराच्या रेघेवरची गाणी

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात जिन्याच्या भिंतीवर पेन्सिलीनं ओढलेली एक रेघ होती. 2005 च्या पुराचं पाणी तिथवर आलं होतं. आप्पांनी ती स्वतः ओढली आणि शेजारी तारीख लिहिली. तेव्हापासून घरात जे जपायचं ते रेघेच्या वर ठेवायचं, असा नियमच पडला. घराची कागदपत्रं, देवाची चांदीची भांडी, आणि हॉलच्या भिंतीतल्या फडताळाच्या अगदी वरच्या दोन खणांत रेकॉर्डी आणि कॅसेटी. तात्यांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, लाखेच्या तबकड्या 23, आप्पांच्या एलपी, म्हणजे प्लॅस्टिकच्या मोठ्या रेकॉर्डी, 64 आणि कॅसेटी चाळीसेक.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी 45 फुटांची आहे. आम्ही तोवर दादाकडे विश्रामबागेत गेलो होतो. पाणी उतरल्यावर घरी आलो तेव्हा आप्पांची रेघ गाळाखाली गेली होती आणि ओलीची खूण तिच्याही तीन-साडेतीन फूट वर दिसत होती. फडताळाची दारं फुगून घट्ट बसलेली. पहार लावून उघडली. आप्पा दारातच उभे होते. त्यांनी एकच विचारलं, "तात्यांच्या कॅसेटी?"

तात्यांच्या कॅसेटी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. आमच्याकडे दर गुरुवारी दत्ताचं भजन असे. तात्या पेटीवर, काकू तंबोऱ्यावर, टाळ घ्यायला गल्लीतली चार-पाच मंडळी. आप्पांनी 1984 ला टेपरेकॉर्डर घेतला आणि तात्या 1991 ला जाईपर्यंत अधूनमधून ते भजन टेप केलं. अशा चौदा कॅसेटी. बाकीच्या बाजारातल्या होत्या. बाजारात मिळालेलं गाणं परत मिळतं, त्यामुळे त्या कॅसेटी टाकून देताना मला वाईट वाटलं नाही. या चौदांना मात्र दुसरी प्रत नव्हती.

त्या आठवड्यात गल्लीत सगळ्यांनी गाद्या, भांडी, पुस्तकं उन्हात टाकली होती. रेकॉर्ड उन्हात टाकली तर तासाभरात पापडासारखी वाकते, एवढं मला माहीत होतं. कव्हरं तबकड्यांना चिकटली होती. प्रत्येक कव्हराचा मोबाइलवर फोटो काढला आणि मग कागद ओला असतानाच हलकेच सोडवला. वाळल्यावर तो निघाला नसता. टँकरच्या पाण्यानं वरचा गाळ धुतला, तबकड्या सावलीत उभ्या केल्या आणि सगळं ट्रंकेत भरून दादाकडे नेऊन ठेवलं. त्यानंतर घर उभं करण्यात सहा महिने गेले. ट्रंक उघडली ती लॉकडाउनमध्ये, 2020 च्या एप्रिलात.

आता धुण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पुराच्या गावात हे पुन्हा कुणाला लागू शकतं.

एलपीची खाच माणसाच्या केसाहून बारीक असते आणि सुई त्या खाचेच्या दोन्ही भिंतींना टेकून जाते. कृष्णेचा गाळ वाळला की मैद्यासारखा बारीक होतो आणि खाचेच्या तळाशी बसतो. तो असताना रेकॉर्ड लावली तर सुई गाळासकट भिंती खरवडत जाते. म्हणून धुवून झाल्याशिवाय एकही रेकॉर्ड लावून बघायची नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवलं. मोह फार झाला, पण पाळलं.

पाणी कुठलं वापरायचं हा प्रश्न होता. आमच्या नळाच्या पाण्यात क्षार आहेत, ते वाळल्यावर खाचेतच राहतात. शंभर फुटी रोडवरच्या बॅटरीवाल्याकडून बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, आणलं. एक लिटरला भांडी धुण्याच्या लिक्विडचे दोन थेंब, बास. मधलं कागदी लेबल भिजू नये म्हणून स्टीलच्या डब्यांची दोन झाकणं घेतली, त्यांच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली आणि रेकॉर्डच्या भोकातून सहा मिलिमीटरचा बोल्ट घालून दोन्ही बाजूंनी आवळली. मग रंगकामाचा मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं, गोल गोल फिरवायचा. आडवा कधीच नाही. पहिल्या पाण्याला चहाचा रंग यायचा, दुसऱ्याला फिक्या चहाचा. तिसरं स्वच्छ निघालं की साबण जाईपर्यंत नुसत्या बॅटरीच्या पाण्यानं धुवायचं आणि वाळायला ताटाळ्यात उभी करायची. त्या महिन्यात आमच्या ताटाळ्यात ताटांच्या जागी रेकॉर्डी होत्या आणि ताटं ओट्यावर. बायकोनं एका शब्दानं तक्रार केली नाही, उलट दुपारी तीच ब्रश हातात घेऊन बसायची.

लाखेच्या तबकड्यांची तऱ्हा निराळी. एलपी 1948 ला अमेरिकेत निघाली ती प्लॅस्टिकची. त्याआधीच्या 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या, तबकड्या लाखेत दगडाची पूड कालवून केलेल्या. कॅसेटचं हेड आपण स्पिरिटनं पुसतो, तसं या तबकड्यांना चुकूनही करायचं नाही. सुतार फर्निचरला पॉलिश करतो ती चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात. तबकडीचंही तेच होईल. त्या फक्त पाण्यानं, भिजत न ठेवता, पटकन धुवून लगेच पुसायच्या. काही तबकड्यांच्या पोटात कागदाचा थर असतो. तो पुरात फुगून वरची लाख तडकली होती, त्यांचं काही करता आलं नाही. 23 पैकी नऊ वाचल्या. त्या नवांत थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेबांची एक आहे. खाँसाहेब मिरजेत राहिले, 1937 साली गेले, आणि तात्यांनी ती तबकडी मिरजेहूनच आणलेली. ती वाचल्याचं बघून आप्पांनी देवापुढे साखर ठेवली.

एलपींपैकी 51 वाचल्या. जुना रेकॉर्ड प्लेअर मात्र गेला. मोटरमध्ये गाळ, लाकडी खोकं उकललेलं. बाजार उघडल्यावर तीन वेगांची, म्हणजे 33⅓, 45 आणि 78 ची, टर्नटेबल घेतली. इथं एक गोष्ट मला उशिरा कळली. 78 च्या तबकडीची खाच एलपीच्या तिप्पट-चौपट रुंद असते. एलपीची सुई त्या खाचेच्या तळाशी जाऊन खरखर करते. तिला वेगळी जाड सुई लागते. ती पुण्याहून ताईनं पाठवली. एलपीच्या सुईचा दाब दोन ग्रॅमच्या आसपास ठेवायचा असतो. तो मोजायला सराफकट्ट्यावरच्या ओळखीच्या सोनारकाकांचा छोटा काटा मागून आणला. काका स्वतः बघायला आले आणि सुई काट्यावर टेकवताना माझ्याहून जास्त श्वास रोखून उभे राहिले.

पुरानंतर सगळं सामान माडीवर हलवलं होतं. माडीची जमीन लाकडी तक्तपोशीची. कुणी जिन्यातून वर आलं की तक्तपोशी हलायची आणि सुई उडायची. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची, तिला चालायला सांगणं म्हणजे धावायला सांगणं. टेबल बदललं, टेबलाखाली रबर लावलं, फरक पडेना. शेवटी गवंड्याला बोलावून दगडी भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून घेतले आणि त्यावर दोन बाय दीड फुटांची कडप्प्याची फरशी टाकली. टर्नटेबल त्यावर. आता माडीवर लेझीम खेळली तरी सुई जागची हलत नाही. दुसरा त्रास होता घुमण्याचा. आवाज वाढवला की मागे एकसारखं घूं ऐकू यायचं. जुन्या घराला अर्थिंगच नव्हतं. वायरमननं अंगणात अर्थिंग करून दिलं, टर्नटेबलची बारीक तार ॲम्प्लिफायरला जोडली आणि ते घूं कायमचं गेलं. यंत्रावर हजारो रुपये घालण्याआधी घराचं अर्थिंग तपासून घ्या, असं मी आता भेटेल त्याला सांगतो.

मग कॅसेटी. पाच स्क्रू काढले की कॅसेट दोन फाकांत उघडते. आत गाळाची खपली, कडेनं पांढरी बुरशी. पण पट्टी पॉलिएस्टरची असते, पाण्यानं ती लगेच खराब होत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे 86 मीटर पट्टी असते. गुंडाळलेली रिळं तशीच ताटलीत बॅटरीच्या पाण्यात बुडवून हलकेच खळखळायची, पंख्याखाली वर्तमानपत्रावर दोन दिवस ठेवायची, मग कोऱ्या कॅसेटचं खोकं रिकामं करून त्यात बसवायची आणि हातानं एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची. चौदापैकी एकीची पट्टी इतकी चिकटली होती की ओढल्यावर तिच्यावरचा तपकिरी थर सुटून आला. आवाज त्या थरातच असतो. ती गेली. तेरा राहिल्या.

माधवनगरच्या एका स्नेह्यांकडून जुना चांगला कॅसेट डेक मिळाला. पहिली कॅसेट लावली तर आवाज घोंगडीआडून आल्यासारखा. मला वाटलं पाण्यानंच गेलं. आप्पा म्हणाले, "अरे, हेडचा स्क्रू फिरवून बघ. तेव्हाही मला फिरवायला लागायचा." टेपच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. पट्टीवर आवाज ज्या कोनात उमटलाय त्याच कोनात हेड उभं राहिलं तरच बारीक, उंच आवाज नीट उचलले जातात. कॅसेट चालू ठेवून स्क्रू अगदी केसभर फिरवला. टाळ नुसते खस खस वाजत होते. आणखी केसभर. खस खस जाऊन छन आला. आणखी थोडा फिरवल्यावर परत खस. मागे आणला, आणि त्या जागी एकेक टाळ सुटा झाला. कुणाचा टाळ पुढे, कुणाचा मागे, हेही कळायला लागलं. आप्पांनी लगेच ओळखलं, "हा ढोबळा आवाज म्हणजे समोरच्या वाड्यातले मास्तर." तेरा कॅसेटींना तेरा वेळा स्क्रू फिरवावा लागला, कारण आप्पांनी मधे टेपरेकॉर्डर दोनदा दुरुस्त करून आणला होता.

डेकची वायर एका छोट्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसला, तिथून लॅपटॉपला. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ. सीडी 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झची असते, त्याहून थोडं बारीक मोजमाप घेतलं म्हणजे आवाजाची पातळी खाली ठेवून निवांत भरता येतं. टाळ अचानक जोरात वाजला तरी आवाज फाटत नाही. आणि हे काम लवकर उरकता येत नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट भरायला नव्वद मिनिटंच लागतात. लोक म्हणतात डिजिटलमुळे ऐकणं उथळ झालं. माझा अनुभव उलटा आहे. तात्यांचं गाणं लहानपणी कानावरून गेलं होतं. पहिल्यांदा बैठक मारून, मधे न उठता ऐकलं ते लॅपटॉपमध्ये भरताना.

इथं माझ्या हातून एक मोठी चूक होत होती. कॅसेटला मागे बारीक सूं असा आवाज असतो. सॉफ्टवेअरला गाणं सुरू होण्याआधीच्या कोऱ्या भागातला नुसता सूं ऐकवायचा आणि सांगायचं की हा सगळीकडून काढ. काढतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हरखून गेलो, इतकं स्वच्छ. तोवर भरलेल्या सगळ्या फायली तशा करून ठेवल्या. आप्पांनी ऐकल्या आणि एवढंच म्हणाले, "छान आहे. पण खोली रिकामी वाटते." मला त्याचा अर्थ लागला नाही.

तो लागला मिरजेत. तात्यांचा तंबोराही पुरात सापडला होता. भोपळा भिजून सांधा उकलला होता, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी सुटली होती. मिरजेत सतारमेकरांची घरंच्या घरं आहेत. शिकलगार घराण्यांनी हत्यारांचं काम सोडून तंतुवाद्यं करायला घेतली त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. लॉकडाउन उठल्यावर तिथल्या एका वयस्कर कारागिरांकडे तंबोरा नेला. चाचांनी सांधा बसवला, घोडी नवीन केली. जवारी लावायची वेळ आली तेव्हा विचारलं, "आधी कसा बोलत होता? खुली होती का बंद?"

जवारी म्हणजे घोडीच्या माथ्याला दिलेला अगदी सूक्ष्म उतार. तार त्यावर घासत थरथरते आणि एका सुरातून सुरांचं मोहोळ उठतं. तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती जागा नेमकी पकडायची. ती कशी होती ते मला सांगता येईना. मी मोबाइल काढून 1987 ची फाइल हेडफोनवर ऐकवली, साफ केलेली.

चाचांनी मिनिटभर ऐकलं. मग हेडफोन काढून म्हणाले, "दादा, ह्यात तंबोरा हाय कुठं? नुसती तार वाजतीया. जवारी कुणी काढली?"

सॉफ्टवेअरनं. सूं जसा एकसारखा चालू असतो तसाच तंबोराही एकसारखा चालू असतो. तंबोऱ्याचे वरचे बारीक सूर सूंच्याच पातळीला असतात. सूं खरवडून काढताना ते सगळे गेले होते. आप्पांना खोली रिकामी वाटत होती ती त्यामुळे.

मूळ फायली मी पुसल्या नव्हत्या, हे माझं नशीब. एक मूळ फाइल फोनमध्ये होती, ती लावली. चाचांनी डोळे मिटले, हेडफोन दोन्ही हातांनी कानाला दाबून धरले. "हां. आता बोलतोय. असाच करून देतो." मग तासभर कानसानं घोडी घासायची, दोरा सरकवायचा, तार छेडायची, परत फाइल ऐकायची, परत घासायचं. 1987 च्या गुरुवारचा तंबोरा 2020 मध्ये त्या आवाजावरून लागला. घरी आणल्यावर आप्पांनी चार तारा छेडल्या आणि पाचव्यांदा छेडायच्या आधी तंबोरा खाली ठेवून चष्मा पुसला.

तेव्हापासून सूंला हात लावत नाही. फार तर एखादा मोठा खट् काढतो. भरलेल्या प्रत्येक कॅसेटची मूळ फाइल फ्लॅक नावाच्या प्रकारात ठेवली आहे. त्यात आवाजाचा कणही न गमावता जागा जवळपास निम्मी लागते. एक हार्ड डिस्क माडीवर, दुसरी दादाकडे विश्रामबागेत, तिसरी पुण्यात ताईकडे. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा तळमजला रिकामाच होता आणि आप्पा पहिल्यांदाच शांत झोपले.

आता घरात दोन्ही चालतं. सकाळी स्वयंपाकघरात बायको मोबाइलवरून ॲपवर गाणी लावते, ब्लूटूथच्या छोट्या स्पीकरवर. त्यात आवाज थोडा दाबला जातो, पण फोडणीच्या वेळी तेवढं पुरतं. रात्री जेवणं झाली की माडीवर एलपी. तिची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची, म्हणून आप्पाही जागे राहू शकतात. तिथं मोबाइल कुणी आणत नाही. असा नियम मी केलेला नाही, आपोआप झालाय.

पण एलपी सगळ्यात सरस असं मी म्हणणार नाही. तबकडी एकाच वेगानं फिरते, तरी बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला 50 सेंटिमीटर खाच सरकते आणि आत लेबलजवळ जेमतेम 21. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. त्यामुळे आतल्या भागात तीक्ष्ण सूर किंचित फाटतात. आणि आपल्या गाण्यात नेमकं काय होतं? संथ विलंबित बाहेर, जलद द्रुत आत. गवई ताना घ्यायला लागतो तेव्हाच तबकडीची जागा संपत आलेली असते. द्रुत ऐकायचं तर मी सरळ डिजिटल लावतो, चांगल्या डॅकमधून, म्हणजे डिजिटल फाइलचा आवाज करून देणाऱ्या खोक्यातून, वायर लावून. दीड तासाची अखंड मैफलही तिथंच. लाखेच्या तबकडीवर तर एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. खाँसाहेबांना तेवढ्यात सगळं सांगायचं होतं, आणि त्यांनी सांगितलं.

त्यांच्या तबकडीवरून मुलीनं एक गंमत शोधली. ती आता पेटी शिकते. ॲपवर तीच ठुमरी सापडली तर तिनं दोन्ही पेटीशी लावून बघितल्या. सूर जुळेनात, जवळपास अर्ध्या सुराचा फरक. त्या काळी रेकॉर्डिंगच्या यंत्राचा वेग बरोबर 78 च असे असं नाही, आणि पुढे कुणी ती कॉम्प्युटरवर घेताना कुठला वेग धरला त्यावर सूर वर-खाली होतो. आमच्या टर्नटेबलला वेग कमी-जास्त करायची पट्टी आहे. मुलगी ती सरकवत बसली, आप्पा तंबोरा घेऊन बसले. आप्पा म्हणाले, "गळा ताणल्यासारखा वाटला की वेग जास्त, जड वाटला की कमी." दोघांनी मिळून एक जागा ठरवली आणि पट्टीवर पेन्सिलीनं बारीक खूण केली. आमच्या घरातली ही दुसरी पेन्सिलीची रेघ.

तेरा कॅसेटींपैकी बारा दोन्ही बाजूंनी भरून झाल्यात. तेरावीवर आप्पांच्या अक्षरात फक्त "गुरुवार, पाऊस" असं लिहिलंय. ए बाजू काल भरली. पेटी लागायच्या आधी पन्हाळीवरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज आहे आणि त्यावर तात्या कुणाला तरी म्हणतात, "दार लोटून घे, तंबोरा उतरतो." बी बाजू आज रात्री. आप्पांनी दुपारीच झोप काढून घेतली आहे.